पातळी पंपाच्या ४१७ मीटर वर, तरी उत्पादन २० घनमीटरच: मोठा पंप घालावा का?

विहीरपाळ | सोमवार, सकाळी

मंडळी, रॉड पंपावर चालणाऱ्या एका तेलविहिरीबद्दल सल्ला हवा आहे. माहिती जरा सविस्तर देतो.

केसिंग साडेपाच इंची, ट्युबिंग २⅞ इंची. पंप १५०० मीटरवर आहे, परफोरेशनचा (केसिंगला पाडलेल्या भोकांचा, जिथून तेल आत येतं) मध्य १५६० मीटरवर. रोजचा द्रव २० घनमीटर, त्यात सुमारे ३० टक्के पाणी. परवा फ्लुइड लेव्हलचा शॉट घेतला. प्रतिध्वनी ६.० सेकंदांनी आला, कॉलर सेकंदाला १९ या हिशोबाने दिसल्या, ट्युबिंगच्या नळीची सरासरी लांबी ९.५ मीटर. म्हणजे ६ × १९ = ११४ नळ्या, गुणिले ९.५, पातळी १०८३ मीटरवर. पंपाच्या डोक्यावर ४१७ मीटर द्रव. शॉटच्या वेळी केसिंगचा निरपेक्ष दाब ४ बार होता.

मागच्या महिन्यात विहीर ७२ तास बंद होती. तेव्हा पातळी ७२० मीटरवर स्थिरावली होती आणि केसिंगचा दाब १८ बार. त्यावरून जलाशयाचा, म्हणजे तेल धरून ठेवणाऱ्या खडकाचा, दाब ९५ बार धरलाय.

वरिष्ठांचं म्हणणं सरळ आहे: एवढं तेल पंपावर उभं आहे म्हणजे पंपच कमी पडतोय, मोठा घाला. मी तळाचा वाहता दाब (विहीर चालू असताना तळाशी असतो तो) काढला तो ४४.८ बार आला. व्होगेलच्या सूत्राने विहिरीची कमाल क्षमता २७.५ घनमीटर निघते, म्हणजे रोजचे साडेसात घनमीटर आपण सोडून देतोय. गणित वरिष्ठांच्याच बाजूने आहे, पण डायनॅमोमीटरचं कार्ड (प्रत्येक ठोक्यात रॉडवरचा भार कसा बदलतो त्याचा आलेख) पाहिल्यापासून माझं मन मानत नाही. पंप पूर्ण भरतोय असं त्यात दिसत नाही. डोक्यावर ४१७ मीटर तेल असताना पंप अर्धवट का भरावा?

उत्सुक_वाचक | सोमवार, दुपारी

या क्षेत्रातली नाही, पण धागा वाचून राहवलं नाही. दोर किंवा तार सोडून पातळी थेट का मोजत नाहीत? आणि ‘कॉलर सेकंदाला १९’ म्हणजे काय?

कॉलरमोजणी | सोमवार, संध्याकाळी

उत्सुक, प्रश्न अगदी रास्त आहे. विहिरीत एकात एक दोन नळ असतात. बाहेरचा केसिंग, आतला ट्युबिंग. ट्युबिंगमध्ये पंपाचे रॉड वरखाली होत असतात आणि ती वरपर्यंत द्रवाने भरलेली असते, त्यामुळे तिथून काही कळत नाही. आपल्याला हवी असलेली पातळी या दोन नळांमधल्या फटीत असते, तिला ॲन्युलस म्हणतात. विहीरपाळ यांच्या विहिरीत केसिंगचा आतला व्यास साधारण १२४ मिलिमीटर असेल आणि ट्युबिंगचा बाहेरचा ७३, म्हणजे फट जेमतेम २५ मिलिमीटरची. जिथे दोन नळ्या जोडल्या जातात तिथे कॉलर असते, तिचा व्यास ९३. नळी बरोबर मध्यभागी असली तरी तिथे फट १५ मिलिमीटर उरते, आणि प्रत्यक्षात ट्युबिंग कुठे ना कुठे केसिंगला टेकलेली असतेच. चालत्या विहिरीत हजार मीटर तार सोडली तर ती अडकणार हे धरूनच चालायचं.

म्हणून आवाज सोडतात. केसिंगच्या व्हॉल्व्हला एक गन जोडायची, तिच्या कोठीत विहिरीपेक्षा जास्त दाबाचा वायू भरायचा आणि तो एका झटक्यात सोडायचा. दाबाची लाट ॲन्युलसमधल्या वायूतून खाली जाते. वाटेत प्रत्येक कॉलरपाशी फट किंचित अरुंद होते, तिथून एक बारीकसा प्रतिध्वनी परत येतो. द्रवाच्या पृष्ठभागावरून मोठा येतो. मायक्रोफोन हे सगळं टिपतो. सुरुवातीच्या बारीक दातऱ्यांसारख्या खुणा म्हणजे कॉलर. त्या मोजल्या की मोजपट्टी विहिरीतच मिळाली, कारण प्रत्येक नळीची लांबी खाली सोडताना लिहून ठेवलेली असते.

भौतिकीप्रेमी | सोमवार, रात्री

पण मग कॉलर मोजायची खटपट कशाला? ध्वनीचा वेग ठाऊक आहे, वेळ मोजली, गुणाकार केला आणि निम्मा घेतला की झालं.

कॉलरमोजणी | सोमवार, रात्री

वेगच तर ठाऊक नसतो. २० अंश सेल्सिअसला हवेत तो सेकंदाला ३४३ मीटर, शुद्ध मिथेनमध्ये सुमारे ४४५, कार्बन डायऑक्साइडमध्ये २७० च्या आत. विहिरीतला वायू म्हणजे मिथेन, इथेन, प्रोपेन आणि इतर कशाकशाचं मिश्रण. प्रमाण विहिरीगणिक बदलतं, तापमान खोलीबरोबर वाढतं. वर दिलेल्या आकड्यांतून वेग काढून बघा: २ × ९.५ × १९ = ३६१. हवेचा वेग धरला असता तर पातळी १०२९ मीटर आली असती, मिथेनचा धरला असता तर १३३५. तीनशे मीटरची गफलत फक्त गृहीतकाने.

विहीरपाळ, तुम्हाला एक विचारायचं होतं. ९.५ हा आकडा ट्युबिंगच्या प्रत्यक्ष नोंदवहीतून घेतलाय की सवयीने? आणि कॉलर कुठपर्यंत स्पष्ट दिसल्या?

विहीरपाळ | मंगळवार, सकाळी

ताई, नोंदवहीतूनच घेतलाय, सगळ्या नळ्यांची सरासरी आहे. पहिल्या ८० कॉलर स्वच्छ दिसतात, पुढे गोंगाट आहे. उरलेल्या त्याच गतीने पुढे मोजल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा शॉट घेतला, ६.० सेकंदच आले. बारा सेकंदांच्या जवळ दुसरा, क्षीण प्रतिध्वनीही आहे.

कॉलरमोजणी | मंगळवार, सकाळी

मग खोलीबद्दल शंका नको. बारा सेकंदांचा प्रतिध्वनी म्हणजे तीच लाट वर येऊन पुन्हा खाली जाऊन आलेली, ती दिसली की भरवसा वाढतो. ८० कॉलर म्हणजे दोन तृतीयांशाहून जास्त वाट मोजली गेली, ते पुष्कळ झालं. फक्त दहावीस कॉलर मोजून पुढचं रेटून नेलेले अहवाल पाहिले की जीव कासावीस होतो.

जुनाजाणता | मंगळवार, दुपारी

विहीरपाळ, तुमची १०८३ मीटर खोली मला मान्य. पण त्या खोलीखाली *तेल* आहे हे तुम्हाला कोणी सांगितलं?

तुमचा ४४.८ बारचा हिशोब मी मांडून पाहिला. केसिंगचा दाब ४, वायूच्या स्तंभाचं वजन सुमारे ०.४, मग ४१७ मीटर तेल, मीटरला ०.०८३४ बारने ३४.८, आणि पंपाखालच्या ६० मीटरचे ५.६. बेरीज जुळते. पण यातले ३४.८ बार तुम्ही सलग, बुडबुड्यांविना उभ्या असलेल्या तेलाचे धरलेत. तुमचा पंप परफोरेशनच्या वर आहे. खालून येणारा वायू थोडा पंपात शिरतो, उरलेला ॲन्युलसमधल्या त्याच द्रवातून बुडबुडत वर जातो आणि द्रवाला फुगवतो. आवाजाची लाट फुगलेल्या द्रवाच्या वरच्या तोंडावर आपटून परत येते. आत द्रव किती आणि वायू किती, ते तिला कळत नाही.

समजा त्या ४१७ मीटरांत द्रव ४० टक्केच आहे. मग ३४.८ चे १३.९ होतात आणि तळाचा वाहता दाब ४४.८ ऐवजी २३.९. व्होगेलचं सूत्र पुन्हा लावा: १ वजा ०.२ × (वाहता दाब भागिले जलाशयाचा दाब) वजा ०.८ × त्याच गुणोत्तराचा वर्ग. कमाल क्षमता २२.२ येते. तुमचे साडेसात घनमीटर सव्वादोनवर आले. व्होगेल यांनी १९६८ मध्ये हे सूत्र मांडलं ते वायू मोकळा होऊ लागलेल्या तेलाच्या जलाशयांसाठी. तुमच्याकडे पाणीही आहे, तेव्हा दशांशावर जीव टाकू नका. पण दोन हिशोबांतला फरक दशांशाचा नाहीच.

हे इतक्या ठामपणे सांगतोय कारण मी स्वतः या चुकीचा भाग होतो. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका विहिरीवर पातळी उंच पाहून आम्ही पंप बदलला. रिग लावून, रॉड-ट्युबिंग सगळं वर काढून. उत्पादन वाढलं नाही. महिन्याभरात रॉड तुटला, कारण अर्धा रिकामा मोठा पंप प्रत्येक ठोक्याला आपटत होता. आडातच नव्हतं, पोहऱ्यात कुठून येणार? आणि आडात किती आहे हे मोजायचं साधन आमच्या हातात होतं, आम्ही ते पूर्ण वापरलं नाही. त्या विहिरीवर रात्रपाळी केलेल्या माणसांची आठवण अजून बोचते.

विहीरपाळ | मंगळवार, रात्री

काका, मनापासून आभार. कार्ड का खटकत होतं ते आता उलगडलं. पण हे ४० टक्के कसे ठरवायचे? तळाशी दाबमापक नाही आणि रॉड आत असताना तो सोडता येणार नाही.

कॉलरमोजणी | मंगळवार, रात्री

शॉट घेतानाच ठरवता येतं. केसिंगमधून वायूच्या लाइनला जाणारा व्हॉल्व्ह बंद करायचा, पंप चालूच ठेवायचा आणि दोन ते पाच मिनिटं केसिंगचा दाब किती चढतो ते नोंदवायचं. वायूला बाहेर जायला वाट नाही, म्हणून खालून जेवढा येतो तेवढा साठतो. साठवणीची जागा आपल्याला माहीत आहे, कारण पातळी मोजलेली आहे. तुमच्या ॲन्युलसमध्ये मीटरला साधारण ८ लिटर मावतात. १०८३ मीटर म्हणजे सुमारे ८.६ घनमीटर. दाब मिनिटाला जितके बार चढेल त्याला ८.६ ने गुणलं की मिनिटाला किती घनमीटर वायू द्रवातून वर येतोय ते पृष्ठभागाच्या दाबाला मोजून मिळतं. वायूचा प्रवाह, फटीचं क्षेत्रफळ आणि दाब यांवरून द्रवाचा वाटा देणारे आलेख तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये असतीलच.

दाब अजिबात चढला नाही तर स्तंभ निव्वळ द्रवाचा, आणि तुमचे वरिष्ठ बरोबर.

पट्टीवाला | बुधवार, सकाळी

इथे थोडा मतभेद नोंदवतो. ते आलेख दुसऱ्या विहिरींच्या मोजमापांवरून बनलेले आहेत. फेस धरणारं तेल असेल तर ते चुकू शकतात. लाखमोलाचा निर्णय एका आलेखावर सोडू नये.

त्यापेक्षा सी. पी. वॉकर यांची रीत वापरा. वॉकर यांनी १९३७ मध्ये दाबलाटेच्या प्रतिध्वनीने तेलविहिरीतली पातळी मोजण्यावर निबंध लिहिला. ही कल्पना अजून तितकीच पक्की आहे. केसिंगवर बॅकप्रेशर व्हॉल्व्ह लावून दाब वाढवायचा, उदाहरणार्थ ४ वरून १० बार. पंप तसाच चालू, उत्पादन तेवढंच. उत्पादन तेवढंच असेल तर तळाचा दाबही तोच असणार. मग वरून वाढवलेल्या ६ बारची भरपाई म्हणून द्रवाचा स्तंभ ६ बारने हलका झाला पाहिजे, म्हणजे पातळी खाली दबली पाहिजे. ती किती मीटर दबली ते मोजा, ६ ला त्याने भागा. फुगलेल्या स्तंभाचं मीटरमागचं खरं वजन थेट मिळतं, आलेखाची गरज नाही.

आणखी एक फायदा. कधी कधी मेणाचं कडं किंवा लायनरचं (केसिंगच्या आत बसवलेल्या जास्तीच्या नळाचं) तोंड पातळीसारखाच प्रतिध्वनी देतं. फट अरुंद झाली की लाट ज्या दिशेची गेली त्याच दिशेची परत येते, रुंद झाली, जसं केसिंगला भोक असेल तर, उलटी येते. त्यामुळे भोक ओळखता येतं, पण मेण आणि पातळी सारखीच दिसतात. दाब वाढवल्यावर खरी पातळी सरकते. मेण जागचं हलत नाही.

कॉलरमोजणी | बुधवार, दुपारी

पट्टीवाला, वॉकरची रीत जास्त भरवशाची हे मान्यच. पण ती स्थिर व्हायला बारा तास, कधी दिवसभर लागतो, आणि तेवढा वेळ उत्पादन खरंच बदललं नाही याची खात्री टाकीवर माप घेऊन करावी लागते. दोन मिनिटांची चाचणी प्रत्येक शॉटबरोबर फुकट मिळते. विहीरपाळ, आधी ती करा, आकडा धोक्याचा दिसला तर वॉकर.

वारादिशा | बुधवार, दुपारी

एक कळकळीची विनंती. केसिंगचा व्हॉल्व्ह उघडण्याआधी हायड्रोजन सल्फाइडचा मापक कपड्याला लावलेला असू द्या आणि वारा जिकडून येतो त्या बाजूला उभे राहा. १०० पीपीएमला तो वायू जिवाला तत्काळ धोका मानला जातो, आणि त्या प्रमाणात नाकाला वास येणंही बंद होतं. गनवर लिहिलेली दाबमर्यादा आणि केसिंगचा दाब आधी ताडून पाहा, बंद केसिंगवर तर हमखास. गनच्या रेषेत कोणी उभं राहू नये.

विहीरपाळ | गुरुवार, संध्याकाळी

आज चाचणी केली. (वारादिशा, मापक लावलेला होता, शून्य दाखवत होता.) व्हॉल्व्ह बंद केल्यावर दोन मिनिटांत दाब ०.५ बार चढला. मिनिटाला ०.२५ × ८.६ म्हणजे सुमारे २.१ घनमीटर, दिवसाला साधारण ३००० घनमीटर वायू त्या बोटभर फटीतून वर येतोय. सॉफ्टवेअरने द्रवाचा वाटा ४० टक्क्यांच्या किंचित वर दिला.

काका, तुम्ही ‘समजा’ म्हणून घेतलेला आकडा जवळजवळ तोच निघाला.

रेषा_आणि_कार्ड | गुरुवार, रात्री

धागा उशिरा वाचला. डायनॅमोमीटरचं काम करते म्हणून एक विचारते: सध्याच्या पंपाचा प्लंजर (आतला दट्ट्या), ठोक्याची लांबी आणि मिनिटाला ठोके किती?

विहीरपाळ | गुरुवार, रात्री

प्लंजर पावणेदोन इंच, कार्डावरून खालचा परिणामी ठोका १.९ मीटर, मिनिटाला ८.

रेषा_आणि_कार्ड | गुरुवार, रात्री

मग हा हिशोब बघा. पावणेदोन इंची प्लंजरचं क्षेत्रफळ ०.००१५५२ चौरस मीटर. गुणिले १.९, गुणिले ८, गुणिले दिवसाची १४४० मिनिटं. ३४ घनमीटर!

तुमचा आत्ताचा पंप पूर्ण भरला तर दिवसाला ३४ उचलू शकतो. तुम्ही पहिल्या पोस्टमध्ये काढलेली सगळ्यात आशावादी क्षमतासुद्धा २७.५ होती. मोठा पंप कोणत्याच हिशोबाने लागत नव्हता. पंप ३४ चा असून २० देतोय, म्हणजे ५९ टक्के भरतोय. झिरप वगैरे वजा केली तरी उरलेली बहुतेक जागा वायू खातोय. कार्डाची उजवी खालची बाजू हळूहळू वळत उतरते की एकदम कोसळते? विहीर उपसून कोरडी पडली असेल तर ती एकदम कोसळते. वायू असेल तर गोलाईने उतरते, कारण वायू आधी दाबला जातो आणि मगच प्लंजरमधला चालता व्हॉल्व्ह उघडतो.

विहीरपाळ | शुक्रवार, सकाळी

गोलाईने. अगदी तुम्ही म्हणता तशी. पंपाची क्षमता मी तपासलीच नव्हती, सगळं लक्ष पातळीवर होतं.

नवशिका_अभियंता | शुक्रवार, दुपारी

खूप शिकायला मिळतंय. माझा एक प्रश्न. पंप बंद करून पातळी किती वेगाने चढते ते मोजलं तर विहिरीची आवक थेट नाही का मिळणार? ८ लिटर दर मीटरला, सोपा गुणाकार.

जुनाजाणता | शुक्रवार, रात्री

मिळते, आणि ज्या विहिरींना वेगळी चाचणी टाकी नसते तिथे ही रीत मोलाची आहे. दिवसाला २० घनमीटर म्हणजे मिनिटाला १३.९ लिटर. निव्वळ द्रव असेल तर पातळी मिनिटाला पावणेदोन मीटरच्या आसपास चढेल. दहा मिनिटांत १७ मीटर, आवाजाने सहज मोजता येईल एवढं.

पण तीन गोष्टी सांभाळ. पातळी चढली की तळाचा दाब वाढतो आणि आवक कमी होते, म्हणून पहिल्या काही मिनिटांचाच वेग घ्यायचा. दुसरं, पंपाचे व्हॉल्व्ह किंवा ट्युबिंग गळत असेल तर ट्युबिंगमधला द्रव खाली उतरून ॲन्युलसमध्ये येतो आणि आवक आहे त्यापेक्षा जास्त दिसते. तिसरं तेच, फुगवटा. चढलेल्या १७ मीटरांत द्रव ४० टक्केच असेल तर आवकही ४० टक्केच. त्यामुळे पातळी आणि केसिंगचा दाब दोन्ही एकाच वेळी नोंदवायचे आणि तळाच्या दाबाचा चढ काढून त्यावरून आवक ठरवायची. नुसत्या मीटरांवरून नाही.

तसंच, चालू विहिरीत पंपाच्या वर ॲन्युलसमध्ये तेलच असतं, कारण पाणी जड असल्याने खाली उतरून पंपातून निघून जातं. बंद विहिरीत मात्र पाणी-तेल दोन्ही वर चढतं. म्हणून विहीरपाळ यांनी बंद विहिरीला मीटरला ०.०९ बार धरलं असावं. ८४० मीटरचे ७५.६, केसिंगचे १८ आणि वायूचे सव्वा मिळून ९५ जुळतात.

विहीरपाळ | शुक्रवार, रात्री

हो काका, तसंच धरलं होतं.

विहीरपाळ | पुढच्या आठवड्यात, बुधवार

वॉकरची चाचणीही झाली. वरिष्ठांना हा धागा छापून दिला, त्यांनी स्वतः दोन दिवस दिले. केसिंग १० बारवर नेलं, १८ तास थांबलो, टाकीवरचं माप २० वरच राहिलं. पातळी १०८३ वरून १२६० मीटरवर गेली. १७७ मीटरांना ६ बार, म्हणजे मीटरला ०.०३३९. निव्वळ तेलाचा ०.०८३४. वाटा ४०.६ टक्के. पट्टीवाला आणि ताई, तुम्हा दोघांच्या रीतींचं उत्तर एकच आलं.

मोठ्या पंपाचा प्रस्ताव मागे घेतला. आता प्रश्न वायू पंपाबाहेर ठेवण्याचा.

रेषा_आणि_कार्ड | बुधवार, रात्री

परफोरेशनखाली विहिरीत जागा आहे का? असेल तर हाच पंप तिथे उतरवा. द्रव खाली उतरतो, वायू वर जातो, वेगळा गॅस अँकर (पंपाआधी वायू वेगळा करणारं साधन) लागत नाही. फक्त तळाशी वाळू साचलेली नाही ना, ते आधी तपासा.

विहीरपाळ | दोन महिन्यांनी

ज्यांनी वेळ दिला त्यांच्यासाठी शेवटची नोंद. तळ तपासला, जागा मोकळी होती. तोच पंप १५८५ मीटरवर बसवला. ठोके मिनिटाला ८ वरून ६ केले, तेव्हा क्षमता साडेपंचवीसच्या आसपास आली. कार्ड आता जवळजवळ भरलेलं येतं. उत्पादन २१.४ घनमीटरवर स्थिर आहे. ताजा शॉट: पातळी १३३० मीटर, केसिंग ४ बार, द्रवाचा वाटा पूर्वीइतकाच, तळाचा दाब सुमारे १२ बार. व्होगेलच्या २२.२ च्या रेषेवर हा बिंदू जवळपास बरोबर बसतो.

रॉडवरचा भारही उतरलाय. पुढचा शॉट पुढच्या महिन्यात, केसिंगच्या दाबचाचणीसह. तिचा रकाना आता अहवालाच्या तक्त्यातच घातला आहे.